दोन्हीकडे लाल

माझं मशीन घरात आलं त्याच दिवशी मी ते जाळून टाकणार होते. ताई मध्ये पडली म्हणून वाचलं.

मशीन भरतकामाचं. परदेशात ज्या बाईकडे मी इतकी वर्षं डॉक्टरांच्या कोटांवर नावं, टोप्यांवर चिन्हं आणि तान्ह्या पोरांच्या दुपट्यांवर ससे काढत बसले, तिने दुकान आवरलं तेव्हा ते मला देऊन टाकलं. आमचे हे त्याआधीच गेले होते. मूलबाळ नाही. मग तिथे एकटीने बसून करायचं काय, भिंती मोजायच्या? मशीन रजईत गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि सख्ख्या बहिणीच्या दारात येऊन उभी राहिले. ताईने दार उघडलं, आधी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, मागच्या खोलीत खिडकीपाशी जागा केलीय. बस्स. एवढंच स्वागत. ताईचं प्रेम असंच मोजूनमापून बाहेर येतं.

मी मुळात उतावळी. चहासुद्धा न घेता खोकं फोडलं, मशीन टेबलावर चढवलं आणि पिशवीतून माझी ती छोटी पांढरी पिन काढली, जी लावली की परदेशातला कुठलाही प्लग इथल्या भिंतीत बसतो. मोबाइलचा चार्जर मी आल्या आल्या तिनेच लावला होता आणि तो छान चालला होता. मग मशीनलाच काय धाड भरली होती?

ताईने माझं मनगट धरलं. तिची ती पकड मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण या वेळी ती थोडी सैल वाटली. म्हणाली, "पिन बदललीस म्हणजे वीज बदलली का?"

मग तिने मला मशीन उलटं करायला लावलं. पोटाखाली एक कळकट पट्टी होती, इतक्या वर्षांत मी कधी वाचली नव्हती. कशाला वाचू? नवऱ्याची जन्मपत्रिकाही मी वाचली नव्हती. ताई म्हणाली, चार्जरवरची पट्टी वाच आता. तिथे इनपुटपुढे शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट लिहिलं होतं आणि आउटपुटपुढे पाच. म्हणजे हा गडी शंभरावरही जेवतो, दोनशे चाळीसवरही जेवतो, आणि काहीही खाल्लं तरी मोबाइलला देतो फक्त पाच. असा समजूतदार माणूस कुठेही नांदतो. माझ्या मशीनच्या पट्टीवर मात्र एकच आकडा होता, एकशे दहा. भिंतीत दोनशे तीस. ताई म्हणाली, लावलं असतंस तर आतलं सर्किटचं कार्ड क्षणात गेलं असतं, आणि ते कार्ड बनवणारी कंपनी तरी शिल्लक आहे का?

नव्हती. कंपनी माझ्या मालकिणीच्या आधीच बुडाली होती.

 त्या मशीनशिवाय माझ्याकडे या जगात होतं काय? ते गेलं असतं तर मी बहिणीच्या घरची कायमची आश्रित झाले असते. ताई एका शब्दाने बोलली नसती, तो तिचा स्वभावच नाही. पण मला माझं तोंड ठाऊक आहे. मीच मला उठता बसता बोलले असते.

तर ताईने सांगितलं, मी तुला ट्रान्सफॉर्मर करून देते. दोनशे तीस आत, एकशे दहा बाहेर.

आता ताई हे सांगते म्हणजे काय, ते सांगायला हवं. भावजी होते तेव्हापासून त्यांच्या घरी हाच धंदा. मागच्या अंगाला एक लांबट खोली, तिच्यात लाकडी बाक, बाकावर हाताने फिरवायचं गुंडाळणीयंत्र, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, कोपऱ्यात लोखंडी पत्रे आणि सगळीकडे व्हार्निशचा वास. भावजी गेल्यावर लोकांना वाटलं, संपलं. ताईने दुसऱ्या महिन्यात बाकावर बसून हँडल हातात घेतलं. शाळा, दवाखाने, छापखाने, सगळीकडे तिच्या हातचे ट्रान्सफॉर्मर गेले. प्रत्येक डब्याच्या वरच्या कडीला ती पांढऱ्या दोऱ्याची एक गाठ बांधते, बारीक, घट्ट, सुटता न सुटणारी. सही म्हणा हवी तर. गाठ दिसली की दुकानदार उघडूनही बघत नाहीत.

खोलीचे नियमही तिचेच. तारेचे वेढे मोजायचे असतात, एक वेढा चुकला की पुढचं सगळं चुकलं. म्हणून हँडल फिरत असताना दार बंद. कोणी बोलायचं नाही. पुढे हा नियम पसरत गेला आणि ताईचा हात कामावर असला की कोणीच बोलायचं नाही, असा झाला. प्लगचा स्क्रू पिळत असली तरी नाही. माझ्यासारखीला ही काय शिक्षा असेल बघा. दुसरा नियम टोकांचा. आत येणाऱ्या विजेच्या टोकांवर लाल नळी, बाहेर जाणाऱ्या टोकांवर पिवळी. हे तिने मला पहिल्याच दिवशी घोकून घेतलं, कारण हे उलटं झालं तर काय होतं तेही सांगितलं. उतरवणारा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला की तो चढवणारा होतो. एकशे दहाच्या बाजूला दोनशे तीस कोंबलं तर दुसऱ्या बाजूने त्याच्या दुपटीला भिडेल. फ्यूज उडेल, पण फ्यूज उडायच्या आत तुझं कार्ड उडालेलं असेल.

मी म्हटलं, म्हणजे तोच डबा, तीच तार, फक्त कुठून घातलं त्यावर? ती म्हणाली, हो, फक्त त्यावरच.

मला ते फार आवडलं. मी घरातल्या माणसांना तसं बघायला लागले. मी चढवणारी, यात वाद नाही. एक शब्द आत गेला की दहा बाहेर. ताई उतरवणारी. तिच्यात सगळं जग ओता, बाहेर एक वाक्य येतं. तिचा मुलगा, माझा भाचा, तो टेम्पो घेऊन माल पोचवायला सदा बाहेर. त्याच्यात काही घालायला तो सापडायलाच हवा ना. राहिली सूनबाई. तिचं मला काही कळेना. आत जायचं ते दिसायचं, बाहेर येताना काही दिसायचंच नाही.

सूनबाईचे वडीलही हाच धंदा करणारे. ताईने ही मुलगी मागणी घालून आणली, कारण तारेत वाढलेली. अख्ख्या बिरादरीत मिरवलं, की सून आणली ती हँडल धरणारी आणली. आणि आणल्यावर काय? कागद काप, पत्रे रच, व्हार्निश लाव, चहा आण. हँडलला हात नाही, टोकांना हात नाही. मी एकदा खोचकपणे म्हटलं, की ताई, तलवार आणलीस आणि भाजी चिरायला दिलीस. ताई म्हणाली, शिकेल हळूहळू. मनात म्हटलं, अगं, ती पोटात असल्यापासून शिकलीय. पण मी पाहुणी, दोन दिवसांची का चार दिवसांची ते अजून ठरायचं होतं. जीभ आवरली.

माझ्या ट्रान्सफॉर्मरचं काम सुरू झालं. ताई म्हणाली, बहिणीचं आहे, दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. सकाळी दार बंद झालं आणि हँडलचा आवाज यायला लागला. मी खिडकीपाशी सुया पुसत बसलेली. ताईच्या हँडलचा एक ठेका आहे, थोडं थांबून, थोडं खेचून, जुन्या माणसाच्या चालण्यासारखा. तो मधूनमधून बंद पडायचा. मला वाटलं, मोजतेय. दुपारी मी कापड आणायला बाजारात जाऊन आले, तेव्हा आवाज सरळ, एकसारखा, थांबा न घेता चालला होता. मला वाटलं, ताईला आता लय सापडली. काय ही माझी अक्कल! आयुष्यभर मशीनच्या आवाजावरून सुई कधी मोडणार ते ओळखणारी मी, आणि हे ओळखता आलं नाही.

दिसतही होतं तसं खूप काही. ताईच्या हातून कप सुटला तर ती म्हणाली, कपच गुळगुळीत आहे. तिच्या बाहीचं बटण सूनबाई लावून द्यायची, न सांगता, जाता येता. आणि ट्रान्सफॉर्मर डब्यात बसून, व्हार्निश सुकून तयार झाला तरी त्याच्या कडीला गाठ नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, बांधू उद्या, घाई काय.

घाई होती. मी शेजारच्या दवाखान्याच्या बाईंना शब्द देऊन बसले होते. त्यांच्याकडच्या सगळ्या डॉक्टरांच्या आणि नर्सच्या कोटांवर नावं काढायची होती. नमुना आवडला तर दरवर्षीचं काम. बाई दुपारी मशीन बघायला येणार होत्या. अजून मशीन सुरूही नव्हतं आणि मी त्यांना चहाला बोलावून मोकळी. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

त्या सकाळी ताई माझ्या खोलीत डबा घेऊन आली. डबा म्हणजे पावाच्या मोठ्या डब्याएवढा, राखाडी रंगाचा, दोन्ही अंगांना दोन दोन टोकं बाहेर आलेली. तिने तो टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि पेचकस घेतला. मी विचारलं, आधी बल्ब लावून बघायचा ना? तुझ्याकडे तशी रीत आहे. ती म्हणाली, माझ्या हातच्या कामाला बल्ब कशाला, आणि बोट वर केलं. म्हणजे आता हात कामावर. आता बोलायचं नाही.

तिच्या बाजूला आलेली टोकं लाल होती. तिने ती बघितली, समाधानाने मान हलवली आणि भिंतीत जाणारा प्लग त्यांना जोडायला घेतला. दुसरी बाजू माझ्याकडे होती. तिने मला खुणेने सांगितलं, तिकडे सॉकेट जोड, तुझं मशीन त्यात लाव. मी पेचकस घेऊन वाकले. माझ्याकडची टोकंही लाल होती.

मी म्हटलं, "ताई, इथे..."

तिने बोट पुन्हा वर केलं. नजर अशी, की आमच्या आईची आठवण झाली. मी मनात म्हटलं, तिचा डबा, तिचे रंग, तिला माहीत. पिवळी नळी संपली असेल. आपण काय वीजवाले आहोत? सॉकेट जोडलं, मशीनचा प्लग त्यात घातला, मशीनची कळ वर करून ठेवली. मशीनवर कापड ताणून बसवलेलं होतंच. ताईने तिच्या बाजूचा प्लग भिंतीत घातला. प्लग बसवताना तिचा हात दोनदा घसरला. मग तिने बटणाकडे हात नेला.

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने टेबलाकडे बघितलं, डब्याच्या इकडच्या बाजूला, मग तिकडच्या. मी तिचा चेहरा बघितला, म्हणून सांगते. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. सासूचा हात कामावर होता. पुन्हा उघडलं. मग ट्रे हातातून गेला, कप गेले, आणि ती दोन ढांगांत येऊन भिंतीतला प्लग उपटून उभी राहिली.

"आई, ते आत नाही, ते बाहेर आहे," ती म्हणाली. "ती बाजू मी गुंडाळलीय."

 चहा जमिनीवरून माझ्या चपलांपर्यंत आला. मला आधी फक्त एवढंच कळलं, की माझं मशीन आत्ता मेलं असतं. मी मशीनलाच धरून उभी राहिले. ताईचं बोट अजून बटणापाशी होतं.

ताईने विचारलं, की तुला बाहेरच्या टोकांवर लाल घालायला कोणी सांगितलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

सूनबाई म्हणाली, आमच्याकडे बाहेरच लाल घालतात. तिचे वडील म्हणायचे, जे बाहेर जातं ते कोणाच्या तरी जिवाला लागतं, म्हणून जपायचं ते बाहेरचं टोक, लाल तिथे. आतली टोकं पिवळी. पण आतली बाजू आधीच बांधलेली होती आणि तिच्यावर लाल बघून तिला वाटलं, या घरी दोन्हीकडे लालच घालत असतील. "तुमची रीत मला माहीत नव्हती, आई. टोकं काढायला तुम्ही मला कधी बसवलंच नाही, नळ्याही दार लावूनच घालता."

ताई उठली आणि तिच्या खोलीत गेली. दार लावलं.

सूनबाई खाली बसून कपाचे तुकडे गोळा करायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. मग ते आलं बाहेर, हुंदक्यातून, अर्धंमुर्धं. ताईच्या बोटांत गेल्या हिवाळ्यापासून जोर राहिला नव्हता. सकाळी बोटं उघडायलाच वेळ लागायचा. आतली बाजू तिने कशीबशी गुंडाळली, पण तार ताणून धरवेना, वेढे ढिले पडायला लागले. मग तिने सुनेला आत बोलावलं, हँडल हातात दिलं आणि शब्द घेतला, की हे कोणाला कळता कामा नये. नवऱ्यालाही नाही, मावशीला तर अजिबात नाही. सुनेने बाहेरची बाजू गुंडाळली, टोकं काढली, नळ्या घातल्या, डबा बंद केला. ताई तोवर तिकडे तोंड फिरवून बसली होती, तिला बघवत नव्हतं. म्हणून तिने रंग बघितलेच नाहीत. दोघींच्या हातचा एक डबा, आणि दोघींनी आपापल्या घरची लाल नळी घातलेली.

"मी शब्द मोडला, मावशी," सूनबाई म्हणाली.

मी म्हटलं, मोडलास म्हणून मी उभी आहे बाई. मग मी उठले आणि ताईच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. बहिणीचं दार कोण वाजवतं?

ताई पलंगावर बसली होती. दोन्ही हात मांडीखाली घेतले होते, लहानपणी छडी खाऊन आल्यावर बसायची तशी. मला तिची दया आली आणि रागही आला, आणि माझ्याकडून आधी राग बाहेर येतो. मी बोलले. माझं मशीन जळणार होतं आणि तू हात झाकत होतीस, म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तो सव्वा लाख माझा होता. बल्ब लावू दिला नाहीस, मला बोलू दिलं नाहीस, त्या पोरीला घरात आणून मुकं करून ठेवलंस. पोरीने आज तोंड उघडलं नसतं तर? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असली कसली तू. खूप बोलले. मधेच माझाच श्वास संपला.

ताईने सगळं ऐकून घेतलं. तिच्यात नेहमी सगळं जातं तसं गेलं. मग हात मांडीखालून काढले आणि बघत राहिली त्यांच्याकडे. बोटांचे सांधे सुजलेले होते. मी इतके दिवस तिच्या ताटाला ताट लावून जेवत होते आणि ते बघितले नव्हते.

"हे गेले तर मी काय उरले," ती म्हणाली. "नुसती सासू."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्याजवळ बसले, तिचे हात माझ्या हातात घेतले. तुझे गेले तर तू नुसती सासू, मी म्हटलं, आणि माझं मशीन गेलं तर मी नुसती पाहुणी. दोघींनी बसून एकमेकींच्या उवा काढायच्या का? ती हसली नाही, पण नाक ओढलं. माझी ताई रडायची ती एवढंच.

 मग ती म्हणाली, बाई किती वाजता येणारेत? आणि उठली.

खोलीत सूनबाईने जमीन पुसून घेतली होती आणि ती डब्यापासून लांब, भिंतीशी उभी होती. ताईने तिच्याकडे बघितलं नाही. टेबलापाशी गेली, डब्याच्या दोन्ही बाजू बघितल्या, बोटाने माझ्याकडचं टोक चाचपलं, बारीक तार, म्हणजे आतली बाजू. मग दुसरं, जाड तार, बाहेरची. खुर्चीत बसली आणि म्हणाली, पिवळी नळी आण. सूनबाई धावली. ताईने नळी घेतली आणि तिच्याच हातात परत दिली. म्हणाली, बदल. आणि बल्ब आण.

सूनबाईने नळ्या बदलल्या, प्लग आणि सॉकेट जिथल्या तिथे केले, मशीन बाजूला काढलं, बल्ब लावला, मीटर लावलं. सगळा वेळ ताईने बोट वर केलं नाही. उलट विचारत होती. तुझ्या वडिलांकडे वेढ्यांच्या थरांमध्ये कागद किती पदरी घालतात? तार जोडताना डाग कशाने देतात? सूनबाई काम करता करता सांगत होती आणि ताई ऐकत होती. हात कामावर, आणि तोंडं चालू. त्या घरात हे मी पहिल्यांदाच बघितलं. बटण दाबलं. मीटरवर आकडा एकशे दहापाशी आला, थोडा थरथरला आणि थांबला. ताईने तो आकडा बघून मान हलवली, पण या वेळी सुनेकडे बघून.

मग माझं मशीन लावलं. इकडच्या विजेवर ते थोडं सावकाश फिरतं, पण फिरतं. सुई खाली गेली, वर आली, दोरा खेचला गेला, आणि मी मोठ्याने रडले. लाज कसली त्यात? माझी भाकरी चालायला लागली होती. पहिला नमुना म्हणून मी दवाखान्याचं नाव काढणार होते. पण आधी दोन पांढऱ्या पट्ट्यांवर दोन शब्द काढले, एकीवर आत, एकीवर बाहेर, ठसठशीत, निळ्या दोऱ्यात. दोन्ही पट्ट्या कापून डब्याच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. रंग कोणाच्या माहेरचे का असेनात, वाचता तर सगळ्यांना येतं.

दवाखान्याच्या बाई आल्या. मशीन बघितलं, नमुना बघितला, कोटाच्या खिशावर अक्षर किती मोठं हवं ते बोललो. बाईंनी कापड उलटून मागची बाजूही बघितली, तेव्हाच मला कळलं, काम आपलं झालं. मग त्यांची नजर टेबलाखालच्या डब्याकडे गेली. त्यांच्या दवाखान्यातही ताईच्या हातचे दोन होते. त्यांनी सहज विचारलं, याला गाठ कशी नाही?

ताईने मेजावरचं दोऱ्याचं रीळ उचललं. पांढरा दोरा काढला, तोडला, कडीतून ओवायचा प्रयत्न केला. एकदा. दोरा कडीवरून घसरला. आम्ही तिघी बघत होतो आणि तिने हात लपवला नाही. तिने दोरा सूनबाईपुढे धरला.

"माझ्याच्याने आता गाठ बसत नाही," ती बाईंसमोर म्हणाली. "आतलं माझं, बाहेरचं हिचं. तू बांध."

सूनबाईने दोरा घेतला. कडीतून ओवला, पहिला फेरा घातला, घट्ट ओढला. पण पांढरा दोरा निसरडा असतो, दुसरा फेरा घालेपर्यंत पहिला सुटू बघतो. तिने मान वर न करता सांगितलं,

"आई, इथे बोट ठेवा."

आणि ताईने बोट ठेवलं.